पडद्यावरचं आंबेखिंड

खिडक्यांना सतरंज्या लावल्या तरी उजेड कुठून ना कुठून शाळेच्या खोलीत शिरतच होता. शेवटी वत्सलाकाकू उठल्या, दाराच्या फटीत आपला पदर कोंबून तिथंच फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "हं, लाव आता तुझा शिनेमा."

"सिनेमा नाही हो काकू," निरंजन सर हसत म्हणाले. "तुमचंच गाव आहे."

सर म्हणायचं आपलं. वय पंचविशीच्या आसपास, दाढीसुद्धा धड भरलेली नव्हती. साथ आली तर ती गावात कशी पसरेल, याचा कॉम्प्युटरवर आधीच अंदाज बांधणारी पुण्यात एक संस्था होती, तिथून ते आले होते. स्वाइन फ्लूच्या नंतरचं वर्ष. चैत्रात आमच्या भैरोबाची जत्रा असते, तिला बाहेरगावची सगळी माणसं लोटतात, म्हणून त्यांनी आमचं आंबेखिंड निवडलेलं. मी गावची बालवाडी चालवायचे. त्यामुळं बाया गोळा करायचं काम कुणी न सांगताच माझ्या गळ्यात पडलं होतं.

सरांनी बटण दाबलं आणि भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीवर गाव उगवलं. देऊळ, पाण्याची टाकी, पेठ, शाळा, आणि घरांचे चौकोन. प्रत्येक चौकोनात हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक माणूस. मागच्या महिन्यात कॉलेजची पोरं घरोघरी फिरून गेली होती, घरात कोणकोण, वय काय, सकाळी कुठं जाता, असं विचारत. त्यावरून हे गाव बनवलं होतं.

"सकाळ झाली," सर म्हणाले, आणि ठिपके घराबाहेर पडले.

बायांना हसू आवरेना. "ती बघ मी, पाण्याला चालली," कुणीतरी म्हणालं. "एवढ्या येरवाळी? तू उठतीस कवा गं?" दुसरीनं टोमणा मारला. मलाही गंमत वाटत होती. पण थोड्या वेळानं काहीतरी खटकायला लागलं. पडद्यावरच्या रस्त्यांवर फार गर्दी होती. पेठेतल्या दोन दुकानांत तर ठिपके मावत नव्हते. पाराजवळ घोळका. आमच्या खऱ्या पारावर तेव्हा दोन म्हातारे आणि एक खरजुलं कुत्रं बसायचं.

सरांनीही पडद्यावरून नजर काढून खोलीत फिरवली. "पुरुष मंडळी कुणीच नाही आली? सगळे कामावर गेलेत का?"

"व्हय की, कामावरच," वत्सलाकाकू म्हणाल्या. "माझा मालक कोचीनला. हिचा मदुरैला. त्या रखमाचं दोनी ल्योक कटकला."

आमच्या भागात गलाईचा धंदा. जुनं सोनंचांदी आटवून शुद्ध करायचं. मिसरूड फुटायचा अवकाश, पोरगं कुठल्यातरी परमुलखात दुकानातल्या भट्टीपुढं जाऊन बसतं. मग गावी येतं ते जत्रेला, नाहीतर कुणी मेल्यावर.

सरांचा चेहरा हळूहळू उतरला. "पण सर्व्हेत तर घरात किती माणसं असं विचारलं होतं."

"इचारलं की. हायती तेवढी सांगितली."

"अहो, पण ते घरात राहत नाहीत ना!"

"घरात न्हाई तर काय दारात ऱ्हात्यात?" काकू चिडल्या. "घर कुणाचं हाय मग?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. खोटं कुणीच सांगितलं नव्हतं. सकाळी मालक कुठं जातात, तर दुकानात जातात. कॉम्प्युटरनं बिचाऱ्यानं ते सगळे आमच्या पेठेतल्या दुकानांत नेऊन बसवले होते.

"बंद करतो," सर म्हणाले. "सगळंच चुकलंय. गावात नसलेली माणसं गावात हिंडतायत."

"ऱ्हाऊ दे," अंधारातून कुणीतरी म्हणालं. "वाईच ऱ्हाऊ दे."

आणि पडद्यावर संध्याकाळ झाली.

ठिपके पेठेतून निघाले. एकेक करून गल्ल्यांमधून वळले, आपापल्या घराकडं चालू लागले. आता कुणी हसत नव्हतं. कुणीतरी हातातल्या बांगड्या मागं सारल्या, तेवढाच आवाज. सुगंधा नावाची एक नवी सून माझ्या शेजारी बसली होती. लग्नाचा मांडव उतरला आणि तिचा नवरा सेलमला गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. तिच्या घराच्या चौकोनात एक ठिपका शिरला तशी तिनं पटकन डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

मग मी आमचं घर शोधलं. टाकीच्या मागं, बांधाकडेचं शेवटचं. घरात माणसं दोन, मी आणि आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, केराबाई. चौकोनात ठिपके तीन होते.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण जो बारा वर्षं दिसलाच नाही त्याच्यापुढं कसली लाज. त्याचं नाव जालिंदर. लांब आसामात तिनसुकियाला दुकानावर होता. एक दिवस चहा पिऊन येतो म्हणून खाली उतरला, तो परत वर चढलाच नाही. दुकानमालकानं शोधलं, पोलिसांनी शोधलं, माझा भाऊ तिथवर जाऊन हात हलवत परत आला. ना पत्र, ना प्रेत. बारा वर्षं कुणाचा पत्ता लागला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात, तेव्हा तो गेला असं धरायचं. त्या वर्षी ती बारा वर्षं भरली होती. माझा दादा दोनदा येऊन आत्याबाईंच्या पाया पडून गेला होता. "पोरीला मोकळी करा. ती ना इकडची ना तिकडची." आत्याबाई एकच बोलायच्या, "पोरगं जितं असताना त्येला जाळू?"

मला दुसरं लग्न करायचं होतं का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की हळदीकुंकवाला माझ्या कपाळापाशी आल्यावर बायांचं बोट क्षणभर थांबू नये. लावायचं तर लावा, नाहीतर लावू नका. बारा वर्षं ते बोट थांबत होतं.

"आता गावात एक आजारी माणूस येतो," सर सांगत होते. बैठक अर्धवट टाकायची नाही म्हणून त्यांनी तसंच पुढं रेटलं होतं. पेठेत एक ठिपका लाल झाला. त्याच्या शेजारचा झाला. लाल ठिपके संध्याकाळी घरोघर परतले आणि सकाळी घरंच्या घरं लाल होऊन उठली. फार वाईट झालं तर काय होईल, ते दाखवतोय, असं सर पुनःपुन्हा म्हणत होते. मग काही ठिपके राखाडी झाले.

"ह्ये काय?" रखमानं विचारलं.

सर अडखळले. "ते... गेलेले."

राखाडी ठिपका नाहीसा होत नव्हता. घरातच पडून राहायचा. बाकीचे ठिपके त्याच्या बाजूनंच उठायचे, पाण्याला जायचे, परत यायचे, त्याच्या शेजारी झोपायचे. आमच्या घरातला तिसरा ठिपका लाल झाला आणि मग राखाडी. सुगंधा तोंडात पदर कोंबून हुंदका दाबत होती. एवढ्यात वत्सलाकाकूंनी दारातून उठत धाडकन दार उघडलं. उन्हाचा लोट आत आला आणि पडद्यावरचं गाव पुसून गेलं.

त्या दिवशी गावातल्या एकूण एक मोबाइलवरून फोन गेले. "तब्येत बरी हाय न्हवं?" "न्हाई, काय न्हाई, आपलं सहजच." कोचीनपासून कटकपर्यंतचे पुरुष चक्रावून गेले असतील.

गुडघे दुखतात म्हणून आत्याबाई शाळेत आल्या नव्हत्या. पण बातमी त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती. मी घरात पाऊल टाकलं तर त्या चुलीपुढं बसलेल्या, तवा तापून लाल झालेला, भाकरी हातातच.

"जालिंदर दिसला म्हनं."

"तुमीच सांगितलं व्हय त्या पोरास्नी?"

"मग? न्हाई म्हनून सांगू?"

"वय काय सांगितलंत?"

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

अठ्ठावीस वर्षांचा होता तेव्हा तो गेला. मी तेव्हा बावीसची होते. त्या हिशेबानं आता मी त्याच्याहून मोठी झाले होते. मी पाणी आणायला म्हणून बाहेर पडले आणि घागर घरातच विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी मला शाळेत बोलावलं. जे गावात नाहीत त्यांना काढून टाकायचं होतं आणि जत्रेच्या वेळीच गावात आणायचं होतं, म्हणजे मग गणित खरं ठरलं असतं. ठिपक्यावर बाण नेला की नाव यायचं. मी सांगायचे, हा कोचीनला, हा सेलमला, हा रायपूरला. सर बटण दाबायचे. ठिपका विझायचा. घरामागून घर रिकामं होत चाललं होतं. पार ओस पडला, पेठेत दोन दुकानदार उरले. आता ते खरंखुरं आमचं गाव दिसायला लागलं आणि मला ते बघवेना.

"आणि हे तुमच्या घरातले," सर म्हणाले. "जालिंदर, वय अठ्ठावीस. हे कुठे असतात?"

मी त्या ठिपक्याकडं बघत राहिले.

"ताई? काढू का?"

बारा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सगळे आत्याबाईंना विचारत होते. हो म्हणायचं होतं मला. किती सोपं होतं, एक बटण. सरांचं बोट बटणावर तसंच थांबून राहिलं.

"काय काढतुयास?"

दारात आत्याबाई उभ्या होत्या. काठी टेकत, गुडघे ओढत, टाकीपासून शाळेपर्यंत एकट्या आल्या होत्या. मी धावले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"माझा जालिंदर दाव," त्या सरांना म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी जालिंदरचं सगळं त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. ऐकून त्यांचा रंग उडाला. "आजी, हे खरं नाही हो. नुसतं गणित आहे."

"गनित तर गनित. दाव."

"दाखवा," मी म्हणाले.

सरांनी दार लोटून भिंतीवर कालचंच गाव पाडलं. आत्याबाई चादरीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीवर, लुगड्यावर घरं पडली, अंबाड्यावरून ठिपके सरकत गेले. मी बोट धरून त्यांना आमचा चौकोन दाखवला. "ही तुमी. ही मी. आनि ह्यो."

सकाळ झाली. तो ठिपका बाहेर पडला. आत्याबाईंचं बोट भिंतीवर त्याच्या मागोमाग चालू लागलं, टाकीवरून, देवळावरून, पेठेपर्यंत. संध्याकाळी बोट त्याच्याबरोबर परत आलं. मग लाल. मग राखाडी.

"काय झालं?"

"गेला," मी म्हणाले.

"परत लाव."

परत तेच. तीच गल्ली, तेच दुकान, तसाच लाल, तसाच राखाडी. "परत," त्या म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला तो पेठेकडं वळला तेव्हा त्यांनी तळहात आडवा धरला, वाट अडवल्यासारखा. ठिपका त्यांच्या हातावरून पुढं निघून गेला.

"दर बारीला तसंच कसं?"

"दाखवताना दर वेळी सारखंच दिसावं म्हणून मी तसं पक्कं करून ठेवलंय," सर म्हणाले. "कुणाला कुणाची लागण होते ते फासे टाकल्यासारखं असतं, आजी. मी तेच पडलेले फासे पुन्हा मांडतोय."

"मग दुसरं टाक."

"त्याला काही अर्थ नाही. त्यावरून कुणाचं काहीच कळत नाही."

"टाक म्हनते न्हवं."

सरांनी कसलासा आकडा बदलला. या खेपेला लाली देवळाकडून आली, वरच्या गल्लीत शिरली, टाकीला वळसा घालून बांधापर्यंत पोचली. घरं लाल झाली, काही परत हिरवी झाली, काही राखाडी पडली. तो हिरवाच राहिला. सकाळी जात होता, संध्याकाळी येत होता.

"आला बघ," आत्याबाई म्हणाल्या. "आला माझा बाबा." आणि त्या हसल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना असं हसताना फार थोड्या वेळा ऐकलं होतं, आणि गेल्या बारा वर्षांत तर एकदाही नाही. "आता आसंच ऱ्हाऊ दे. बंद करू नगंस."

मी आमच्या घराकडं बघत होते. दोन ठिपके ये-जा करत होते. तिसरा राखाडी होऊन मधोमध पडला होता. सरांच्याही ते लक्षात आलं असावं, त्यांनी बाण तिथून हळूच दूर नेला.

मला राग यायला हवा होता. आली ती नुसती भीती. त्या चौकोनात मी मेलेली होते, माझ्या बाजूनं मायलेक उठत होते, झोपत होते, आणि आत्याबाई हसत होत्या. मला वाटलं, हिला हेच हवं होतं. बारा वर्षं हिला भाकरी करून घातली, हिचे गुडघे चोळले, आणि हिनं मनात फासे असे टाकले असणार, रोज.

"आन् तू कुठं हायस गं?" आत्याबाईंनी मागं न बघता विचारलं.

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"शालन? ही मी. ह्यो जालिंदर. आन् तू?"

सरांनी मान खाली घातली. "ती राखाडी," मी म्हणाले. "मधी पडलीया. ती मी."

त्यांचं हसू विझलं. त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. पडद्यावर सकाळ झाली. दोन ठिपके माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. संध्याकाळ झाली, परत आले. आत्याबाईंनी भिंतीवरचा हात काढून घेतला.

सरांना ते असह्य झालं असावं. "आजी, पुन्हा टाकू का? टाकत राहिलो तर कधीतरी दोघंही वाचतील असं निघेल."

"नगं," आत्याबाई म्हणाल्या. "बारा वर्सं त्येच करतीया मी." त्यांनी काठी सावरली. "पयलंच लाव."

"पहिलं म्हणजे..."

"कळतंय मला. पयलंच लाव."

त्यांनी या खेपेला बोट लावलं नाही. नुसत्या उभं राहून बघितलं. तो सकाळी बाहेर पडला, पेठेत गेला, घरी आला, लाल झाला. राखाडी झाला तेव्हा त्यांचे ओठ हलले, पण मला काही ऐकू आलं नाही. मग त्या सरांना म्हणाल्या, "आता काढ त्येला. हिला इचारून काढ."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. एवढंच.

परतताना आत्याबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. ऊन अजून कडक होतं, दारं लोटलेली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वत्सलाकाकूंच्या घरापुढं त्या थांबल्या.

"शालन, शेवटाला त्येच्याजवळ कोन हुतं गं?"

तिनसुकिया मी कधी पाहिलं नाही. तिथं काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, आजही नाही. पण भिंतीवरचं मी नीट पाहिलं होतं.

"आपुन दोगी हुतो, आत्याबाई. सांजची वेळ हुती. घरातच हुता त्यो."

"घरात हुता?"

"व्हय. घरातच."

"मग झालं," त्या म्हणाल्या. माझ्या खांद्यावरचा हात काढून म्हणाल्या, "तुज्या दादाला फोन लाव. पळस बगून ठेव म्हनावं."

मग त्यांच्या हातातली काठी गळून पडली. त्या रस्त्याच्या मधोमध खाली बसल्या आणि त्यांनी गळा काढला. आमच्याकडं घरात माणूस गेलं की बायका काढतात तसा, त्याचं नाव घेऊन, लांब हेल काढून. मी त्यांना धरायला खाली वाकले आणि माझ्याही तोंडून तोच सूर निघाला. बारा वर्षं मला रडायची परवानगी नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

दारं उघडली. वत्सलाकाकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या, रखमा आली, पदर सावरत सुगंधा आली. एकेक करून आमच्याभोवती मातीत बसत गेल्या. कुणीही विचारलं नाही, कोण गेलं म्हणून.